रपट्यापलीकडची शाळा

आमघाटची शाळा गावात नव्हती. गाव नाल्याच्या अलीकडे उंचवट्यावर, आणि शाळा पलीकडे, खोलगट गायरानात. सरकारी जागा तेवढीच होती, म्हणून कधीकाळी कोणीतरी तिथं दोन खोल्या बांधून वर कवेलूंचं छप्पर घातलं आणि पुढं पडवी काढून दिली. नाल्यावर दगडी रपटा होता. पावसाळ्यात पाणी त्याच्यावरूनच वाहायचं. पोरं चपला हातात घेऊन पार व्हायची. शाळेच्या मागं पऱ्हाटीची, कपाशीची वावरं, आणि वावरांच्या टोकाला सिंदीकडं जाणाऱ्या रेल्वेच्या भरावाची उंच पाळ.

पंचफुलाबाईंना या शाळेत येऊन तिसरं वर्ष लागलं होतं. त्या बोरगाव मेघेच्या. बाप वर्ध्याच्या स्टेशनावर हमाली करायचा. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर त्यानं एकच हट्ट धरला होता, पोरगी मास्तरीण झाली पाहिजे. ती झाली. आता आमघाटात एक खोली घेऊन त्या एकट्याच राहत. दुसरे शिक्षक म्हणजे मुख्याध्यापक प्रभाकरराव. ते सिंदीहून सायकलनं ये-जा करत.

अठ्ठ्याहत्तर सालच्या श्रावणात झड लागली. आभाळ फाटल्यासारखा पाऊस नव्हता, पण थांबतही नव्हता. त्या दिवशी प्रभाकरराव तालुक्याला मीटिंगला गेले होते. आदल्या दिवशी जाता जाता बाईंना बजावून गेले होते.

"तपासणीचे साहेब या आठवड्यात केव्हाही टपकतील. पावसाचं निमित्त करून शाळा बंद ठेवलेली दिसली, तर माझंही काही खरं नाही आणि तुमचंही."

दुपारी एकदा बाईंच्या मनात आलं, सोडून द्यावं पोरांना. रपट्यावर घोटाभर पाणी होतं. घंटेकडे हात गेलाही होता. तेवढ्यात पाऊस ओसरला, ढगातून उजेड आला, आणि बाईंना वाटलं, हातातलं गणित तरी पुरं होऊ दे. तिसरीच्या फळ्यावर भागाकार मांडलेला होता. पुढं आयुष्यभर त्यांना तो भागाकार आठवत राहिला.

गणित संपायच्या आतच बाहेरचा आवाज बदलला. नाल्याची खळखळ थांबली होती. बाई पडवीत आल्या आणि पाहतच राहिल्या. पाणी गढूळ, फेसाळ झालं होतं आणि पुढं जायचं सोडून मागं फिरत होतं. खाली नदी तुडुंब भरली असणार, ती नाल्याला आत घेईना. रपटा दिसेनासा झाला होता. गायरानातल्या तरवट्याची झुडपं एकेक करून बुडत होती.

पलीकडच्या काठावर माणसं गोळा झाली. बाया ओरडत होत्या, पण पाण्याच्या आवाजात शब्द लागत नव्हते. पोरांनी आपापल्या आया ओळखल्या आणि रडारड सुरू झाली. घरं समोर दिसत होती. पांढऱ्या मातीची, चुलीचा धूर निघत असलेली, दगड मारला तर पोचेल इतकी जवळ.

"कोणी पडवीच्या खाली पाय ठेवायचा नाही," बाई म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला.

त्यांनी मागच्या खिडकीतून पाहिलं. वावरांतही पाणी शिरलं होतं, पण ते साचलेलं होतं, ओढ नव्हती. पऱ्हाटीचे शेंडे वर दिसत होते. त्याच्यापुढं पाळ, काळी, उंच, कोरडी. तिथवर जायचं. पण पहिलीतल्या पोरांना उचलून न्यावं लागणार. एकटीनं कसं जमणार?

तेवढ्यात काठावर एकच गलका झाला. नाल्यात कोणीतरी उतरलं होतं. डोक्यावर धोतराचा बोंगा बांधून, छातीभर पाण्यात तिरपा होत, एक माणूस शाळेकडं येत होता. लक्ष्मणराव. गावात त्याच्यासारखा पोहणारा नव्हता. दर आखाडीला पैजेनं डोहात उडी घ्यायचा. त्याची पोरगी नलू तिसरीत होती. बारीक, उंच, मोठ्यानं वाचणारी.

तो पडवीत चढला तेव्हा बाईंना वाटलं, देवानं नाही, पण कोणीतरी माणूस पाठवला.

"बरं झालं आले," त्या म्हणाल्या. "लक्ष्मणभाऊ, आपण सगळ्यांना मागून पाळीवर नेऊ. लहानी लहानी पोरं तुम्ही उचला. तुम्ही असले तर..."

"पाळीवर?" तो धापा टाकत होता. "दोन वावरं पानी हाय मधात. अन् घर त थे दिसून राह्यलं. नलू, चाल."

"भाऊ, पाणी वाढून राह्यलं. आता आले तसे जाता येणार नाही. अंगावर पोरगी घेऊन तर नाहीच."

"म्या आत्ताच आलो न बाई त्याच पान्यातून!"

"आले तेव्हा छातीभर होतं. तिकडं पाहा."

त्यानं पाहिलं नाही. त्याची नजर नलूवर होती. नलू बाईंच्या मागं सरकली आणि तिनं बाईंचा पदर नाही, मनगट धरलं. बाईंनी तिचा हात धरला.

"माही पोरगी मले द्या."

"नाही देत."

लक्ष्मणरावाचा चेहरा बदलला. "तुमी कोन होता मले नाई म्हननाऱ्या? सरकारनं पोट्टे शिकवाले ठेवलं तुमाले. बाप म्या हावो तिचा. तिची माय तिकडं ऊर बडवून राह्यली, अन् तुमी मले कायदा सांगून राह्यल्या?"

सगळी पोरं दोघांच्या तोंडाकडं पाहत होती. बाईंनी हात घट्ट धरला होता. लक्ष्मणरावानं दुसरा हात धरला आणि ओढला. क्षणभर नलू दोघांच्या मध्ये ताणली गेली. ती ओरडली. त्या ओरडण्यानं बाईंच्या बोटांतलं बळ गेलं. बाप आहे, असं त्यांच्या मनात आलं. बापाच्या हातून पोरगी हिसकणारी मी कोण? त्यांनी हात सोडला.

लक्ष्मणरावानं नलूला खांद्यावर बसवलं, डोक्यावरच्या धोतरानं आपल्याशी बांधायचा प्रयत्न केला, पण ओलं धोतर गाठीत बसेना. तो तसाच उतरला. अर्ध्यापर्यंत नीट गेला. काठावरच्या माणसांनी हात पुढं केले होते. मग खालून, नदीच्या बाजूनं, उलट्या ओढीत एक अख्खं बाभळीचं झाड मुळासकट वाहत आलं. लक्ष्मणरावानं ते पाहिलं, वळायचा प्रयत्न केला आणि झाड त्याच्या कमरेत बसलं.

तो वर आला तेव्हा झाडाच्या फांदीला धरून होता. खांद्यावर कोणी नव्हतं.

पलीकडून नलूच्या आईची, मनकर्णाबाईंची, किंकाळी आली. ती मात्र पाण्याच्या आवाजावरून स्पष्ट ऐकू आली. पडवीत पाणी चढू लागलं होतं. बाईंच्या पायांना ते गार लागलं, म्हणून त्या भानावर आल्या. रडायला वेळ नव्हता. ओरडायलाही नव्हता.

"मागं पाहायचं नाही," त्या म्हणाल्या. "जो मागं पाहील त्याला मी मारीन."

वर्गात पोरं बसायची त्या लांब टाटपट्ट्या त्यांनी ओढल्या आणि टोकाला टोक गाठून एक लांबच लांब पट्टी केली. मोठ्या पोरांच्या मध्ये लहान पोरं उभी केली, सगळ्यांना दोन्ही हातांनी पट्टी धरायला लावली. पहिलीतली दोन एकदमच बारकी होती. एकाला पाठीवर बांधलं, एकीला कडेवर घेतलं. मागच्या खिडकीचा गज आधीपासूनच निखळलेला होता. तिथून एकेकाला खाली सोडलं.

वावरातल्या काळ्या मातीनं पाय धरले. प्रत्येक पाऊल उपटून काढावं लागत होतं. पाणी मोठ्यांच्या मांड्यांपर्यंत, लहानग्यांच्या छातीपर्यंत. पऱ्हाटीच्या काड्या पायांना ओरखडत होत्या. एक पोरगी बुडी गेली, पट्टीनं वर आली, नाकातोंडातून पाणी काढत पुढं चालली. बाई मोठ्यानं बेचा पाढा म्हणू लागल्या, आणि भेदरलेली पोरं सवयीनं मागून म्हणू लागली. बे एके बे. मध्येच कोणाचा तरी हुंदका येई आणि पाढा तुटे, की बाई पुन्हा पहिल्यापासून सुरू करत.

पाळीवर चढल्यावर बाईंनी पोरं मोजली. एक कमी आलं. त्यांनी घाबरून पुन्हा मोजलं. पुन्हा एक कमी. तिसऱ्यांदा मोजताना त्यांच्या लक्षात आलं की त्या हजेरीच्या आकड्यात नलूलाही धरत आहेत. तेव्हा त्या रुळाच्या खडीवर बसल्या आणि बसूनच राहिल्या.

हरिदास नावाचा गँगमन रूळ तपासत येत होता. त्यानं लाल झेंडी घेऊन पुढं धाव घेतली आणि मालगाडी थांबवली. पोरांना गार्डाच्या डब्यातून सिंदीच्या स्टेशनावर नेलं. तिथल्या लोकांनी कांबळी दिली, भात शिजवून घातला. बाकीची सगळी पोरं जिवंत घरी गेली. गावात हे कोणी मोठ्यानं बोललं नाही. कसं बोलणार? नलू तिसऱ्या दिवशी सापडली, खाली, कोणाच्या तरी वावराच्या धुऱ्यावरच्या काटेरी कुंपणात.

पूर ओसरला. शाळेची एक भिंत बसली होती, कवेलू नाल्यात गेले होते. ग्रामपंचायतीच्या एका खोलीत शाळा भरू लागली. भरू लागली म्हणायचं एवढंच. ढग आले की बाया धावत येत आणि आपापलं पोर बखोटीला धरून घेऊन जात. वीज कडाडली की दुसरीतला एक पोरगा बसल्या जागी लघवी करी, आणि पूर्वी असल्या गोष्टीला हसणारी पोरं आता हसत नसत. तिसरीच्या ओळीत खिडकीजवळची जागा मोकळी राहिली. बाईंनी कोणाला तिथं बसायला सांगितलं नाही, कोणी बसलंही नाही.

बाईंशी गाव बोलेनासं झालं. कोणी म्हणे, पाऊस दिसत होता तर सकाळीच सुट्टी द्यायची होती. कोणी म्हणे, पोरगी हाती दिलीच कशी? दोन्ही म्हणणी खरी होती. प्रभाकरराव "मी तर तालुक्याला गेलो होतो" एवढंच सगळ्यांना सांगत. साहेब येणार म्हणून त्यांनी काय बजावलं होतं, ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही आणि बाईंनीही नाही. सांगून काय होणार होतं?

हिवाळ्यात ओव्हरसियर आला. शाळा मंजूर झाली होती. पक्की, स्लॅबची. गावाला आनंद झाला. बाई पाहायला गेल्या तर मजूर चुन्याच्या रेषा मारत होते, त्याच खोलगट गायरानात, पडलेल्या भिंतीला लागून.

"इथंच?" बाई म्हणाल्या. "इथं पोरगी गेली आहे साहेब."

"इथं नाही, नाल्यात गेली," ओव्हरसियर म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता, थकलेला होता. "जागा सरकारी हीच आहे. मंजुरी इथली आहे. दुसरी जागा म्हणजे पुन्हा सगळं पहिल्यापासून. मार्चच्या आत काम झालं नाही तर मंजुरी जाते. तुम्हाला शाळा पाहिजे की नाही?"

बाई तालुक्याला दोनदा जाऊन आल्या. तासन् तास बाकावर बसल्या. एकानं ऐकून घेतलं, दुसऱ्यानं तेही नाही. मग त्या गावात घरोघर फिरल्या. पुढच्या पावसाळ्यात पोरं पुन्हा त्याच खड्ड्यात बसतील, म्हणाल्या. कोणी दार लावून घेतलं नाही, पण कोणी बसा असंही म्हटलं नाही. किसनरावांच्या म्हातारीनं स्पष्टच सांगितलं, "दुसऱ्या कोनं म्हतलं असतं त आयकलं असतं, बाई. तुमच्या तोंडून नाई शोभत."

पाया खणायला सुरुवात झाली होती. बाईंना दिसत होतं की आता एकच घर उरलं आहे, आणि त्या घराची पायरी चढायची हिंमत त्यांना झाली नव्हती.

दुपारची वेळ होती. लक्ष्मणराव ओसरीत खाटेवर बसला होता, गुडघ्यात मान घालून. पुरानंतर तो वावरात गेला नव्हता की माणसांत बसला नव्हता. मनकर्णाबाई अंगणात तूर झोडपत होत्या. बाईंना पाहून त्यांनी हातातलं दांडकं थांबवलं.

"कायले आल्या?"

बाईंनी सांगितलं. शाळा तिथंच बांधताहेत, माझं कोणी ऐकत नाही, तुम्ही बोललात तर गाव ऐकेल.

मनकर्णाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमी तिचा हात काऊन सोडला?"

"ती ओरडली. दोघांच्या ओढीनं तिचा हात..." बाई थांबल्या. "बाप होते ते, मनकर्णाबाई. मला वाटलं, मी कोण."

"बाप होता म्हनून सोडला? बाप त अडानी होता. तुमी मास्तरीन होत्या. तुमाले समजत होतं न पानी? समजत होतं तरी सोडला?"

"हो."

"मंग माह्या दारी कोन्त्या तोंडानं आल्या? चला, व्हा बाहेर!"

दांडकं वर उचललं गेलं. बाई हलल्या नाहीत. मारलं असतं तर त्यांना बरंच वाटलं असतं. तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. इतका बसलेला आवाज की आधी कळलंच नाही कोण बोलतंय.

"तिले कायले म्हनतं?"

मनकर्णाबाई वळल्या.

"थे येत नोहती," लक्ष्मणराव म्हणाला. मान खालीच होती. "नलू. म्या खांद्यावर घेतली तवा चावली मले. इथं. बाबा, बाईसंगं जाऊ दे मले, म्हने. म्या म्हतलं, चूप राह्य. म्या तिले ओढून नेली. घर दिसून राह्यलं होतं न... घर दिसून राह्यलं होतं, म्हनून."

त्यानं बोट ठेवलेल्या मनगटावर काहीच दिसत नव्हतं. जखम कधीच भरली होती.

मनकर्णाबाईंच्या हातातलं दांडकं खाली आलं. त्या कितीतरी वेळ नवऱ्याकडं पाहत राहिल्या, जणू हा माणूस कोण ते ओळखू येत नव्हतं. मग भिंतीला धरून हळूहळू तुरीच्या ढिगावर बसल्या. रडल्या नाहीत. बाई मागं फिरून घरी आल्या. आता सगळंच संपलं, असं त्यांना वाटलं. आपण गेलो आणि उरलेलं घरही मोडून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मजूर कामावर आले तर पायाच्या चरात एक बाई बसलेली. मनकर्णाबाई. डोक्यावरून पदर, पाय पसरून, दोन्ही हात मांडीवर.

"उठा मावशी, काम करू द्या," ठेकेदाराचा माणूस म्हणाला.

"करा न. टाका दगड माह्या आंगावर."

ओव्हरसियर आला. समजावलं, दटावलं. सरपंच आला. गावाची शाळा बुडवतेस काय, म्हणाला. मनकर्णाबाई म्हणाल्या, "शाळा बांधा. तिकडं, पाळीच्या बाजूनं, उंचावर बांधा. इथं बांधाल त म्या इथंच हावो." दुपारी मीराबाई त्यांच्याजवळ भाकर घेऊन गेली आणि परतलीच नाही, तीही चरात उतरून बसली. तिचं पोर टाटपट्टीला धरून वाचलं होतं. दुसऱ्या दिवशी आणखी दोघी आल्या. फार नाही. अर्धं गाव त्यांना शिव्या देत होतं.

पंचफुलाबाई काठावर गेल्या आणि उतरायला पाय पुढं केला, तर मनकर्णाबाई म्हणाल्या, "तुमी नका येऊ. तुमी शाळा घ्या." बाई परत फिरल्या.

फाल्गुन सरेपर्यंत बाया आळीपाळीनं बसल्या. मार्च संपला आणि मंजुरी गेली. ठेकेदारानं पाट्या-फावडी उचलली. गावाला ना जुनी शाळा उरली, ना नवी मिळाली. सरपंच बायांशी बोलेना. ग्रामपंचायतीची खोली पुढच्या पावसात गळली. पोरं कोरड्या कोपऱ्यात दाटीनं बसून शिकली. त्या वर्षीही पाणी गायरानात शिरलं. चुन्याच्या रेषा होत्या तिथं माणूस बुडेल इतकं पाणी दिवसभर उभं होतं. गावानं ते काठावरून पाहिलं. पाळीच्या बाजूला शाळा उभी राहायला चौऱ्याऐंशी साल उजाडलं, तोवर नलूच्या वर्गातल्या पोरींची लग्नं लागली होती.

पण ते पाहायला पंचफुलाबाई तिथं नव्हत्या. एकोणऐंशीच्या दिवाळीआधीच त्यांची बदली आर्वीकडं झाली. कोणी करवली ते त्यांनी विचारलं नाही.

निघायच्या दिवशी त्या लोखंडी पेटी घेऊन सडकेवर आल्या तेव्हा निंबाखाली मनकर्णाबाई उभ्या होत्या. त्यांनी पेटीची एक कडी धरली. दोघींनी मिळून पेटी थांब्यापर्यंत नेली.

"तुमाले माफ केलं असं समजू नका," मनकर्णाबाई म्हणाल्या. "त्याले बी नाई केलं."

"नाही समजत."

एस.टी. दिसली. लांब होती, खड्डे चुकवत येत होती. मनकर्णाबाईंनी तिच्याकडं पाहिलं, मग बाईंकडं, आणि घाईघाईनं, जणू नंतर विचारताच येणार नाही अशा घाईनं म्हणाल्या, "बाई, त्या दिसी... तिनं भाकर खाल्ली होती का? मधल्या सुट्टीत?"

"खाल्ली होती," बाई म्हणाल्या. "बरबटीच्या शेंगांची भाजी होती. सगळी खाल्ली. मग हात धुवायला गेली, तर पावसात उभी राहून ओंजळ भरत होती. मी रागावले."

"मंग?"

"मग हसली."

मनकर्णाबाईंनी मान हलवली. कंडक्टरनं पेटी आत घ्यायला हात पुढं केला. त्यांनी पेटी उचलून दिली आणि पदरानं हात पुसत त्या गावाच्या वाटेला लागल्या.